झोपेचा रकाना

निळा ड्रम दिवाळ्याच्या जेट्टीवरचा,
डिझेलचा वास घासून घासून अर्धाच गेलेला.
त्यात दोन टोपल्या फोडलेला बर्फ, नळाचं पाणी,
आणि कंबरेपर्यंत मी.
सर म्हणतात, धावून आल्यावर लगेच.
बर्फ उरतो बाजार उठल्यावर.

सकाळी पाम बीच रोडला हजार मीटर, आठ वेळा.
सहाव्या फेरीत पोटऱ्या दगड झाल्या,
सातवी आठवत नाही,
आठवीला ढवण सर सायकलवरून ओरडत होते
खांदे सोड, खांदे सोड,
जणू ते मी कुठून तरी चोरून आणले होते.

पहिल्या मिनिटाला शिव्या आठवतात.
दुसऱ्याला एकवीरा.
तिसऱ्याला हाडातून सळई फिरते,
आणि चौथ्यानंतर पाय आपले राहत नाहीत,
शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी
तसे उसने, परत द्यायचे.

आई उलट्या क्रेटवर, माझा मोबाइल मांडीवर.
वेळ तिच्याकडे. दहा मिनिटं, वर सेकंद नको.
"यो बरफ म्हावऱ्याचा," ती म्हणते,
"ताजा दिसावा म्हून. तुला कशाला?"
मी म्हणते, मलाही तेवढ्यासाठीच.

तिचं बोट पडद्यावर चालत नाही.
एकदा, दोनदा, मग ती कोपर लावून बघते.
बावीस वर्षं पापलेटांच्या पोटाखाली बर्फ सारून
रेषा गेल्या.
आधार केंद्रावरचा पोरगा तिचा अंगठा पुसून पुसून कंटाळला,
म्हणाला, मावशी, तुम्ही नाहीच आहात.
तिला कधी कुणी म्हणालं नाही
दहा मिनिटं झाली, हात काढ.

सरांच्या वहीत रकाने आहेत: अंतर, वेळ, नाडी, झोप.
सर सांगतात, धावणं म्हणजे मोडणं,
जोडणं रात्री होतं, तू तिथे नसताना.
झोपेच्या रकान्यात मी आठ लिहिते.
पाच असतात. कधी साडेचार.
लग्नसराईत गावात रोज कुणाची ना कुणाची हळद,
डीजे दोनला थांबतो, कानातला तीनला,
आणि तीनला आई उठते,
गजर न लावता, धक्क्याचा टेम्पो गाठायला.
अंधारात साडी नेसते, बांगड्या मुठीत धरून,
मला जाग येऊ नये म्हणून.
मी डोळे मिटून जागी असते,
नाही आली, असं तिला वाटावं म्हणून.

खाडीत फ्लेमिंगो गार पाण्यात उभ्याने झोपतात,
एका पायावर.
दुसरा पोटाशी घेतात, तान्ह्यासारखा.

आज सातव्या मिनिटाला वर पाहिलं
तर आईची मान कलली होती.
मोबाइल मांडीवर, आकडे चालू,
तोंड किंचित उघडं,
मनगटावर एक खवला चिकटलेला, उन्हात लकाकणारा.
गजर वाजायच्या आत वाकून
मी तो बंद करायला गेले.
ओला अंगठा चालला नाही.
कोपर लावलं.

मग बसून राहिले.
अकरा. तेरा.
वाजणारे दात जिभेने अडवले.
बर्फाचे तुकडे ड्रमच्या कडेला हळूच आपटत होते
आणि मी त्यांना हातांनी धरून ठेवत होते,
एकेकाला, गप्प करत.
बाहेर निघाले असते तर पाणी पत्र्यावर सांडलं असतं.

केव्हातरी गल्लीतून हाक आली, कोलबी हाय का गो?
आई डोळे न उघडता म्हणाली,
हाय, थांब,
आणि पुन्हा झोपली.

रात्री वही उघडली.
आठ लिहिलं नाही.
झोपेच्या रकान्यात लिहिलं, वीस मिनिटं,
कुणाची ते लिहिलं नाही.